निळी, पाच आसनांची

मोजणीचे तात्या 'अंदाजे' हा शब्द वापरत नसत. बारामतीच्या स्टँडवर कुणी विचारलं, "तात्या, लई येळ झाला का उभं राहून?" तर ते घड्याळ बघून सांगत, "सव्वीस मिनिटं." पंगतीत वाढप्यानं "थोडा भात?" म्हटलं की ताटात बोटानं रेघ ओढून "इथपर्यंत" म्हणत. एखाद्यानं गाव जवळच आहे असं सांगितलं, तर त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, "म्हणजे किती?" त्यात कुत्सितपणा नसे. त्यांना खरोखरच आकडा हवा असे आणि तो मिळाला की चेहरा सैल पडत असे.

मोजणी खात्यात त्यांची सारी नोकरी बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत झाली. सोमेश्वरनगरपासून बावड्यापर्यंत अनेक बांधांवर त्यांनी रोवलेले दगड होते. भाऊबंदांच्या वादात दोन्ही बाजू त्यांना चहा पाजायला बघत. ते दोन्हीकडचा नाकारत आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी पीत. "मी हद्द दाखवतो. भांडण तुमचं तुम्ही मिटवा," हे वाक्य लोकांना पाठ झालं होतं. उंच, किरकोळ अंगाचा माणूस. पांढऱ्या हाफशर्टाच्या खिशात स्टीलचा टेप. त्याच्या वजनानं खिसा कायम एका बाजूला ओढलेला असे आणि काकी, म्हणजे त्यांची पत्नी, तो दर महिना-दोन महिन्यांनी पुन्हा शिवत. निवृत्तीनंतर नोकरीतलं बाकी सगळं सुटलं, टेप सुटला नाही.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी पुण्याच्या एका दैनिकाचा बारामतीचा वार्ताहर होतो. तालुक्याच्या वार्ताहराला तेव्हा बातम्यांबरोबर जाहिरातीही आणाव्या लागत. भिगवण रस्त्यावरच्या गाड्यांच्या शोरूममध्ये फॅक्स होता. मालक हणमंतराव आधी ट्रॅक्टर विकायचे, मग मोटारींची एजन्सी घेतली. स्वभावानं मोकळे. "पत्रकार, तुमचाच फॅक्स समजा," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी रोज दुपारी तिथून बातम्या पाठवत असे आणि दसऱ्याच्या पुरवणीत पहिल्या पानावर त्यांची जाहिरात असे. तात्यांची नि माझी ओळख तिथेच झाली.

एका ऑगस्टमध्ये ते शोरूममध्ये आले आणि कुणाशी न बोलता उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचं दार उघडून आत टेप लावू लागले. बाहेरून एकही माप घेतलं नाही. मागच्या सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत. जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत. प्रत्येक आकडा डायरीत. हणमंतराव काचेच्या केबिनमधून बाहेर आले.

"तात्या, शेत न्हाय हे. गाडी हाय."

"गाडीच मोजतोय. साडेअडतीस इंच पाहिजेत. चप्पल धरून एकोणचाळीस."

साडेअडतीस इंच हा काकींच्या पायाचा आकडा होता, पाठ टेकून बसल्यावर टाचेपर्यंतचा. त्यांच्या उजव्या गुडघ्याला क्षय झाला होता. ऑपरेशन करून डॉक्टरांनी पाय वाचवला, पण तो कायमचा सरळ, न वाकणारा झाला. घरात, गल्लीत त्या काठी घेऊन फिरत. एसटीत तो पाय मधल्या वाटेत यायचा. एकदा इंदापूरच्या गाडीत त्यावर कुणीतरी पोतं टेकवलं, तेव्हापासून त्यांनी एसटी सोडली. जीपमध्ये चढायचं तर दोघांनी उचलावं लागे. ते त्यांना मान्य नव्हतं. ट्रॉलीत गादी टाकून नेतो असं एका पुतण्यानं सुचवलं, तर म्हणाल्या, "मी काय ऊस हाय व्हय?"

जायचं कुठं होतं, तर फक्त बावड्याला. तिथे त्यांची थोरली बहीण होती, आक्का. आई लहानपणीच गेली. काकींना आक्कानं वाढवलं. आक्काचंही वय झालेलं, साखरेचा आजार, नजर अधू. त्यांना प्रवास झेपत नव्हता. दोघी बहिणींची तीन वर्षांत भेट नव्हती. दर गुरुवारी आक्का बावड्याच्या एसटीडी बूथवरून काकींच्या शेजाऱ्यांकडे फोन करायची. काकी काठी टेकत जाऊन फोन घ्यायच्या. आक्का विचारायची, "कवा येतीस?" काकी म्हणायच्या, "गाडी आली की."

तात्यांनी शोरूममधली सगळी मापं घेऊन निवड केली ती एका व्हॅनची. बाजूला सरकणारं दार, उंबरा खाली. बसून घ्यायचं आणि मग पाय आत वळवायचा. कुणी उचलायला नको. ही व्हॅन दोन प्रकारांत मिळे. आठ आसनांच्या गाडीत मध्ये एक जादा सीट असे, तिथे पाय मावणं शक्य नव्हतं. पाच आसनांच्या गाडीत ती जागा मोकळी, बेचाळीस इंच. आपल्याकडे खपायची ती आठ आसनी, कारण ती वडापला, म्हणजे भाड्यानं माणसं भरून न्यायला चाले. आठ आसनांच्या गाडीत पंधरा माणसं बसवून ती इंदापूर रस्त्याला लागे. पाच आसनी क्वचितच कुणी मागे, म्हणून ती क्वचितच येई.

"येईल की. नंबर लावा," हणमंतराव म्हणाले.

"किती दिवसांत?"

"आता ते कंपनीच्या हातात. धरा दोन-चार म्हयने."

"दोन की चार?"

हणमंतराव हसले आणि फॉर्म पुढे सरकवला. तात्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बारीक छपाई भिंग लावून वाचली. शोरूममध्ये असं करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. फॉर्मवर रंगाचा रकाना होता. तात्यांनी फोनवरून शेजाऱ्यांना निरोप दिला, काकींना बोलावून घेतलं आणि विचारलं. मग लिहिलं, 'निळा'. पुढे कंस करून, 'पांढरा नको.' ही अट काकींची होती. पांढऱ्या व्हॅनमधून गावात उतरलं की लोकांना दवाखान्याची गाडी वाटते, असं त्यांचं म्हणणं. "तीन वरसांनी जायचं आन् लोकांनी इचारायचं, कुठल्या दवाखान्यातनं आणली? मी न्हाय बसायची."

त्यानंतर दर सोमवारी दहा वाजता तात्या शोरूममध्ये येत. घड्याळाखालच्या खुर्चीत बसत, "आली का?" एवढंच विचारत आणि पावणेअकराला उठून जात. दरम्यान त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल लावलं. त्या वयात शिकणारे ते एकटेच. शिकवणाऱ्यानं "जरा डावीकडं घ्या" म्हटलं की "किती?" विचारत. शेवटी तो वैतागून "एक फूट" म्हणायला शिकला. त्यांना परवाना मिळाला तरी गाडीचा पत्ता नव्हता. आठ आसनी येत, हार घालून बाहेर पडत. तात्या प्रत्येकीच्या मागच्या दारातून आत पाहत आणि पुन्हा खुर्चीत बसत.

मी एकदा त्यांच्या घरी गेलो. इंदापूर रस्त्याला लागून दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. काकी खिडकीशी पलंगावर बसलेल्या, पाय समोरच्या स्टुलावर. रस्त्यानं एसटी गेली की पाटी न वाचता सांगायच्या, "ही पावणेबाराची. आज धा मिन्टं उशीर." मी म्हटलं, तात्यांची सवय तुम्हालाही लागली. तर म्हणाल्या, "मला कशाची सवय? हितं बसून दुसरं काय मोजू?" तात्या स्वयंपाकघरात चहा करत होते. काकींनी आवाज न चढवता, त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्यांनी आख्खा तालुका मोजला. आन् मी तीन वरसं ह्या खिडकीत."

पाचव्या महिन्यात, जानेवारीत, पाच आसनी आली. पांढरी होती. हणमंतरावांनी स्वतः फोन केला. तात्या आले, आत टेप लावला. बेचाळीस इंच बरोबर भरले. ते घरी गेले आणि तासाभरानं परत आले. "नाही म्हणते," एवढंच बोलले. ती गाडी एका पोल्ट्रीवाल्यानं नेली.

पुढच्या सोमवारी रफिक मिस्त्री त्यांच्या खुर्चीजवळ आला. शोरूमचा सगळा वर्कशॉप त्याच्या हाताखाली होता. बोलायला अघळपघळ, हात मात्र नेमका. निळ्या रंगाची आठ आसनी दारात उभी होती. रफिक म्हणाला, "तात्या, ही घ्या. मधलं शीट चार बोल्टांवर हाय. धा मिन्टांचं काम. काढतो, घरात ठिवा, वर गोधडी टाका, बसाय-उठाय हुईल."

"आणि कागदावर?"

"कागदावर राहू द्या की आठ. कोण मोजतंय?"

"मी," तात्या म्हणाले.

रफिकनं माझ्याकडे पाहिलं. हणमंतराव केबिनमधून ओरडले, "आवो तात्या, आठाच्या गाडीत पंधरा बसत्यात तवा कुणी कागद बगत न्हाय, आन् तुमी आठाचं पाच केलं तर कोण धरणार हाय?" शोरूममधले सगळे हसले. तात्यांना राग आला नाही. "लोक पंधरा बसवतात ते त्यांचं," म्हणाले आणि पावणेअकरा वाजेपर्यंत बसून राहिले.

बाहेर टपरीवर मी त्यांना विचारलं की चार बोल्टांसाठी एवढं का अडवून धरता. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. बोलणं नेहमीच्याच सुरात होतं. "आमचं मूळ गाव शेळगाव. वडिलांना गावानं तोंडी पुष्कळ कबूल केलं होतं. वाटेचा हक्क, विहिरीचं पाणी, ओढ्याकडची पट्टी. तोंडी होतं, म्हणून दर पाच-दहा वर्षांनी कुणीतरी नव्यानं नाही म्हणायचं. एकटी पट्टी सातबाऱ्यावर चढली. तेवढीच राहिली. बाकीचं सगळं गेलं." मग म्हणाले, "कागद आणि वस्तू जुळली पाहिजे. ज्यांच्यामागं माणसं आहेत त्यांचं तसंही भागतं. आमच्या हातात जुळलेला कागद एवढंच आहे." त्यांचं बरोबर होतं आणि काकी खिडकीत होत्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

जानेवारीनंतर आठ महिने गेले. आक्काचे फोन गुरुवारऐवजी पंधरा दिवसांनी येऊ लागले, मग महिन्यानं, बूथपर्यंत चालवेना. काकींनी गाडीबद्दल विचारणं बंद केलं. तात्या मात्र सोमवार चुकवत नव्हते. त्यांना निळ्या पाच आसनीच्या यादीतला आपला नंबर माहीत होता, पुढच्या प्रत्येकाचं नाव माहीत होतं. आपण अडकलो आहोत असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे, "आता तीन जण पुढं आहेत." मग, "दोन." मग, "एक."

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निळी, पाच आसनी व्हॅन शोरूमच्या आवारात उतरली. ती यादीतल्या वरच्या माणसाची होती. तो एक कंत्राटदार. पितृपंधरवडा लागला होता. त्यानं निरोप पाठवला की गाडी घट बसल्यावर नेतो. यात नवल नव्हतं. आपल्याकडे त्या पंधरा दिवसांत कुणी नवं वाहन घरी नेत नाही. शोरूममध्ये त्या दिवसांत माश्या मारत बसायची वेळ यायची. आवारात नव्या गाड्या धूळ खात उभ्या असत आणि दसऱ्याला एकदम सगळ्यांची झुंबड उडे.

आठव्या दिवशी तात्या फॉर्म घेऊन आले. सोमवार नव्हता. हणमंतरावांच्या टेबलावर फॉर्म उलटा ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गाडी आल्याचं कळवल्यावर सात दिवसांत ताबा घेतला नाही तर ती यादीतल्या पुढच्या ग्राहकाला देण्यात येईल, असं तिथे छापलं होतं. हणमंतरावांनी ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा वाचली, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"पुढचा मी आहे," तात्या म्हणाले.

"व्हय, हायसा. देतो की. घट बसू द्या."

"मी आज नेतो."

हणमंतरावांनी चष्मा काढला. "तात्या, तुमच्यात पंधरवडा पाळत न्हाईत, मला ठाव हाय. पर दुकान माझं हाय नव्हं? ट्रॅक्टर इकायचो तवापास्नं ह्या पंधरा दिसांत म्या एक चाक बाहेर सोडलेलं न्हाय. उद्या काय इपरीत झालं तर घरातली मला खातील."

"फॉर्मवर पंधरवड्याचं काही लिहिलेलं नाही."

"फॉर्म कंपनीचा."

"खाली सही तुमची आहे."

हणमंतरावांनी चष्मा पुन्हा घातला. ते वाईट नव्हते. त्या कंत्राटदाराला दुखवायची भीती होती, घरच्यांची होती आणि इतकी वर्षं पाळलेली गोष्ट मोडायचीही होती. ते फक्त म्हणाले, "सात दिवस. तात्या, सातच दिवस राह्यलेत. चौदा म्हयनं थांबला, सात दिवस थांबा."

तात्या माझ्याकडे वळले. "याची बातमी होईल का? छापील नियम आहे आणि पाळला जात नाही."

मी म्हणालो, "बघतो."

"म्हणजे कधी?"

दसऱ्याच्या पुरवणीची जाहिरात त्याच आठवड्यात पक्की व्हायची होती आणि माझ्या हातात हणमंतरावांच्याच फॅक्समधून निघालेला कागद होता. मी म्हणालो, "दसऱ्यानंतर." तात्यांनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्याकडे कधीच काढला नाही.

तीन दिवसांनी बावड्याहून निरोप आला. आक्काला अर्धांगवायूचा झटका आला होता. तात्या साडेनऊलाच शोरूममध्ये आले. हणमंतरावांकडे गेले नाहीत. थेट मागे वर्कशॉपमध्ये जाऊन रफिकला म्हणाले, "पाना द्या."

आवारात एक जुनी आठ आसनी होती, लोकांना चालवून दाखवायची. तात्या तिच्यात गुडघ्यांवर बसले आणि मधल्या सीटचे बोल्ट सोडवू लागले. रफिक "मी करतो, मी करतो" म्हणत होता. त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. तिसरा बोल्ट गंजलेला होता. तो निघेना तेव्हा रफिकनं नुसतं तेल सोडलं आणि बाजूला उभा राहिला. हणमंतराव बाहेर आले, पाहिलं, परत आत गेले आणि चावी घेऊन आले. "ही जुनी हाय. ही जाऊ द्या," म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही.

सीट बाहेर निघाल्यावर तात्यांनी खिशातून कागद काढला. 'या वाहनाचे मधले आसन आज सकाळी काढून शोरूममध्ये ठेवले आहे. परत आल्यावर बसवण्यात येईल.' खाली सही केली, वेळ लिहिली आणि हणमंतरावांची सही घेतली. रफिकनं चार बोल्ट कागदात गुंडाळून तात्यांच्या हातात दिले. ते त्यांनी टेपच्या खिशात टाकले.

सोबत कुणीतरी हवं म्हणून मी पुढच्या सीटवर बसलो. काकी अंगणात तयार होत्या. कुणी सांगायच्या आत त्या उंबऱ्यावर बसल्या, मागे सरकल्या, पाय उचलून आत वळवला. मावला. थोडी जागा उरली. तात्यांनी मोजली नाही. दार सरकवलं आणि गाडी इंदापूर रस्त्याला लावली.

ते सावकाश चालवत. काकी सगळा रस्ता बोलत होत्या. शेळगावला त्यांना नवी पाण्याची टाकी दिसली. निमगावच्या पुढे डाळिंबाच्या बागा झाल्यात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "हितं तर माळ होता," म्हणाल्या. "कवा झालं हे?" इंदापुरात त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि आक्कासाठी मोसंबी घेतली.

बावड्यात आक्का ओसरीच्या खोलीत बाजेवर होत्या. डोळे उघडे, वर पत्र्याकडे. काकींनी बाजेच्या कडेला बसून हाक मारली. मग दुसऱ्या कानानं ऐकू येत असेल म्हणून पलीकडे जाऊन मारली. आक्काच्या तोंडातून आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता आणि मान वळली नाही. सून मोसंबीची पिशवी घेत म्हणाली, "परवा दिशीपतुर इचारायच्या, गाडी आली का म्हणून. परवा दिशीपतुर बोलत व्हत्या, मावशी." तिनं ते दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. काकी संध्याकाळपर्यंत तशाच बसून राहिल्या. तात्या दारात उभे होते. कुणी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

परतताना इंदापूर आलं. मग तात्या समोर बघत म्हणाले, "तीन दिवस हणमंतरावांचे. आठ महिने माझे. जानेवारीत मिस्त्री म्हणाला होता." त्यांचा आवाज मोजणीचा निकाल वाचतानाचा होता. मागून काकी म्हणाल्या, "पांढरीला मीच नको म्हणले. त्या आठातलं निम्मं माझं." तात्यांनी आरशात पाहिलं. "निम्मं नाही," म्हणाले. "असू द्या," काकी म्हणाल्या. त्या तीन दिवसांत माझाही वाटा होता. तो त्यांनी काढला नाही आणि मीही बोललो नाही.

त्याच रात्री सीट जागेवर बसली. आक्का घटस्थापनेच्या आदल्या दिवशी गेल्या. काकींना पुन्हा जुन्या गाडीतून नेलं, पुन्हा चार बोल्ट काढून. घट बसले त्या दिवशी कंत्राटदार हार घेऊन शोरूममध्ये आला. हणमंतरावांनी त्याला फॉर्मची मागची बाजू दाखवली. "तुमचा नंबर गेला, शेठ. हितं लिवलंय," म्हणाले. त्या माणसानं त्यांच्याकडून पुन्हा कधी गाडी घेतली नाही. निळी व्हॅन हणमंतराव स्वतः चालवत तात्यांच्या दारात घेऊन गेले. तात्यांनी कागद तपासले. आसनं पाच, रंग निळा. सगळं जुळत होतं. त्यांनी सही केली.

दसऱ्याची पुरवणी निघाली. पहिल्या पानावर जाहिरात होती. दसऱ्यानंतर मी ती बातमी लिहिली नाही. वर्षभरात माझी बदली पुण्याला झाली. तेव्हापासून बातमी लिहिताना 'काही दिवसांपूर्वी' असं लिहायला गेलो की हात थांबतो. किती दिवसांपूर्वी, ते शोधून लिहितो. एवढं मी तात्यांकडून घेतलं. बाकीचं घ्यायची माझी ताकद नव्हती.

शेवटची भेट बदलीच्या आदल्या रविवारची. भिगवण रस्त्याला पेरूवाल्याच्या झाडाखाली निळी व्हॅन उभी होती. दार सरकवलेलं, काकी आत पाय लांब करून बसलेल्या, मांडीवर पेरूच्या फोडी. तात्या बाहेर उभे. ते आता दर रविवारी त्यांना कुठे ना कुठे नेत. कधी उजनीचं पाणी बघायला, कधी सोमेश्वरनगरला चुलत जावेकडे. काकींनी मला फोड दिली. मी म्हटलं, "गाडी छान आहे, काकी. पाय ऐसपैस बसलाय."

"व्हय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी गाडी बरोब्बर आणली. जायाचं ठिकाण तेवढं राह्यलं न्हाय."

तात्यांनी ऐकलं. ते वाकले, काकींची टाच दारापासून आत आहे का ते हातानं पाहिलं आणि दार हळूच ओढून घेतलं. मग पलीकडून जाऊन गाडी चालू केली. काचेआडून काकींनी कुठेतरी पुढे बोट दाखवलं. कुठे, ते मला दिसलं नाही. तात्यांनी मान हलवली आणि गाडी तिकडे घेतली.